तोरणमाळ की पचमढी? गाडी नसलेल्या खानदेशी माणसासाठी

सुट्टी दोन-तीन दिवसांची, स्वतःची गाडी नाही आणि डोंगरात पोटभर चालायचंय. जळगाव-भुसावळकडचं कुणी असं विचारायला आलं की आधी तोरणमाळचं नाव निघतं, मग पचमढीचं. दोन्ही सातपुड्यातच. नकाशावर बोट ठेवलं तर निवड सोपी वाटते: तोरणमाळ आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, पचमढी थेट मध्य प्रदेशात, भुसावळहून साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे. पण एसटी-रेल्वेने फिरणाऱ्याने किलोमीटर मोजू नयेत. गाड्या किती बदलाव्या लागतात ते मोजावं, आणि परतीची शेवटची गाडी कधी सुटते ते जातानाच विचारून ठेवावं.

तोरणमाळचंच बघा. रेल्वेने नंदुरबार गाठा, तिथून एसटीने शहादा, शहाद्याहून तोरणमाळची गाडी. किंवा जळगावहून चोपडा-शिरपूर करत शहादा. शहाद्यापर्यंत काही अडत नाही, गाड्या आहेत. खरा वेळ खाते ती पुढची, पन्नास-एक किलोमीटरची वाट. म्हसावद, राणीपूर मागे पडलं की घाट लागतो आणि त्यानंतर बस वळणावळणाने नुसती गुरगुरत चढते. वर जाणाऱ्या फेऱ्या मोजक्या. चुकली तर शहाद्याच्या स्टँडवर चहा पीत बसायचं. सकाळी सहाला घर सोडलेला माणूस यशवंत तलावाच्या काठी पोचतो तेव्हा दुपार कलायला लागलेली असते.

परतीचं तर विचारूच नका. कंडक्टरने उतरताना बजावलं होतं, "भाऊ, हाई गाडी शेवटली शे, ध्यानमा ठेवा." मी ध्यानात ठेवलं आणि तरी सीताखाईच्या कड्यावर बसून राहिलो. खाली धुकं भरत होतं, उठवेना. धावत परत आलो तोवर बसचा धूरही दिसेना. मग भाजीच्या एका पिकअपमध्ये रिकाम्या क्रेटवर बसून राणीपूरपर्यंत उतरलो. चूक सगळी माझी. म्हणून सांगतो, तोरणमाळला एका दिवसात जाऊन येण्याचा हट्ट धरू नका, रात्र वरच काढा.

पचमढीचा हिशेब उलटा. भुसावळला सकाळी महानगरी एक्सप्रेस पकडायची. खंडवा, इटारसी करत दुपारी पिपरिया. मध्ये एकही बदल नाही. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि खिडकीची जागा असली की हा प्रवास थकवत नाही. पिपरिया स्टेशनातून बाहेर पडलं की पचमढीच्या बस आणि जीप मिळतात; पन्नासेक किलोमीटर, शेवटचा निम्मा रस्ता घाटाचा. संध्याकाळी तुम्ही पचमढीच्या बाजारात. दिवस संपतोच, पण दमछाक तोरणमाळपेक्षा कमी.

मात्र पचमढीत उतरल्यावर सार्वजनिक वाहन संपतं, हे कुणी आधी सांगत नाही. पुढे जिप्सी, म्हणजे भाड्याची उघडी जीप. धूपगड, अप्सरा विहार, रजत प्रपात ही ठिकाणं जंगलखात्याच्या हद्दीत, परवानगी काढावी लागते आणि जिप्सीवाले दिवसाचा दर सांगतात. चार-सहा जण असाल तर वाटून घेता येतो, एकटा माणूस तिथे मार खातो. माझा उपाय असा: एक दिवस जिप्सीवर खर्च करायचा आणि बाकीचे दिवस पायांवर. जटाशंकर, पांडव लेणी, बी फॉल बाजारातून चालत होतात, सायकलही भाड्याने मिळते. चौरागडावरच्या शंकराच्या देवळासाठी आधी महादेवाच्या गुहेपर्यंत दहाएक किलोमीटर जायचं आणि तिथून चढायचं. तेराशेच्या आसपास पायऱ्या आहेत, गुडघे कुरकुरत असतील तर नाद सोडा. वर मात्र भाविकांनी वाहिलेल्या त्रिशूळांचं रान उभं आहे. काही त्रिशूळ माणसापेक्षा उंच. खांद्यावर तेवढं लोखंड घेऊन लोक या पायऱ्या चढतात, हे पाहिल्यावर आपल्या पाठीवरच्या पिशवीबद्दल बोलायला तोंड राहत नाही.

आता दगड. मला विचाराल तर पचमढीला जायचं खरं कारण तोच. आपल्या खानदेशात चारही बाजूंना काळा कातळ, लाव्हाचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तोरणमाळही त्याचंच. उन्हात तापतो, कडा पायरीपायरीने उतरतो आणि वाटेवर मुरमाचा घसारा असतो. काटकोनात फुटलेले बारके दगड बुटाखाली गोट्यांसारखे सरकतात, उतरताना काठी हवीच. पचमढीचा डोंगर वाळूच्या दगडाचा, वीस कोटी वर्षांहून जुना. पांडव लेण्यांच्या भिंतीवरून तळवा फिरवा, बारीक तांबूस वाळू हाताला लागते. जवळून पाहिलं तर दगडात तिरपे पट्टे दिसतात, जुन्या नद्यांनी वाळू आणून एकावर एक रचली त्याच्या खुणा. कोरड्या दिवसांत या दगडावर पाय असा धरून राहतो की मांजरासारखं चालता येतं. हाच दगड पावसाळ्यात शेवाळला की साबण होतो. आणि कड्याच्या टोकाला उभं राहून फोटो काढण्याची हौस तिथे आवरा. वाळूचा दगड खालून झिजत जातो, वरची कड छपरासारखी पुढे आलेली असते, आपण कशावर उभे आहोत ते वरून कळत नाही. हांडी खोह या खोल दरीच्या कठड्यापाशी खाली डोकावलं की मी काय म्हणतो ते समजेल.

शिखराच्या उंचीत पचमढीच सरस. धूपगड १३५० मीटर, सातपुड्यातलं सगळ्यात उंच शिखर. पण एकांत हवा असेल तर माझं मत तोरणमाळला. पचमढीत शनिवार-रविवारी प्रत्येक पॉइंटवर मॅगीचा वास. तोरणमाळला खडकी पॉइंटकडे चालत गेलो तेव्हा वाटेत भेटली ती फक्त गुरं आणि त्यांच्यामागे एक पावरा आदिवासी पोरगा. त्याने माझ्याकडचं बिस्किट घेतलं आणि मला न विचारता पुढची वाट दाखवायला लागला.

खर्चात तोरणमाळ सरळ जिंकतं. एसटीत महिलांना २०२३पासून अर्धं तिकीट, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट. घरातल्या आजींना घेऊन निघणाऱ्यांनी हे गणित आधी करावं. राहण्याची सोय मात्र पचमढीत कितीतरी जास्त, तोरणमाळला जायच्या आधी फोन करून जागा पक्की करा.

एकच दिवस हातात असेल तर दोन्ही सोडा आणि चाळीसगाव गाठा. मुख्य लाइनवरचं स्टेशन, तिथून पाटणादेवी अठरा किलोमीटर. एसटीच्या फेऱ्या कमी, पण रिक्षा ठरवता येते. चंडिकादेवीच्या देवळापासून गौताळ्याच्या जंगलातून वर चढत पितळखोऱ्याची लेणी गाठायची. तिथे काळ्या दगडाचीही ठिसूळ बाजू दिसते: लेण्यांचे दर्शनी भाग ढासळलेत. सकाळच्या गाडीने निघालेला माणूस रात्री घरी जेवायला असतो.

जायचं कधी? ऑक्टोबर-नोव्हेंबर. पाऊस संपलेला, झरे वाहते, दगड सुकलेला. नागपंचमीच्या आसपास पचमढीत नागद्वारची यात्रा भरते, विदर्भातून लोंढे येतात. वाघाच्या जंगलातली ती वाट फक्त तेव्हाच उघडते. चालणाऱ्याला ती मोठी संधी, पण पिपरियाहून बसमध्ये उभं राहायलाही जागा मिळेल याची खात्री धरू नका. महाशिवरात्रीला चौरागड आणि तोरणमाळचा गोरखनाथ, दोन्हीकडे यात्रा एकाच दिवशी. त्या दिवशी तोरणमाळला जादा एसटी असतात, एरवी नसलेली सोय. फक्त परतीच्या गाडीत खिडकीतून टाकलेला रुमाल म्हणजे आपली जागा, हा नियम तिथे चालत नाही.