अंजायनाच्या गोळ्या: बीटा ब्लॉकर, अम्लोडिपिन, नायट्रेट की सरळ स्टेंट?

जिना चढताना, भरभर चालताना, जेवून लगेच बाहेर पडलं की छातीत आवळल्यासारखं होतं आणि थांबलं की दोन-पाच मिनिटांत ओसरतं, हा अंजायना, म्हणजे हार्टला रक्त कमी पडल्यामुळे होणारं दुखणं. बरेच जण गॅसेस झालेत म्हणून महिनोन्महिने ढकलतात, मग तपासण्या होतात आणि हातात पाच-सहा गोळ्यांची चिठ्ठी येते. खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो, कारण छाती शांत होते पण पाय सुजतात, डोकं ठणकतं, दुपारी डोळे उघडे राहत नाहीत, आणि आता ही गोळी चालू ठेवायची की बदलायची की स्टेंट (हार्टची अरुंद झालेली रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी) टाकून मोकळं व्हायचं हे कळत नाही.

आधी चिठ्ठीतल्या गोळ्यांचे दोन गट करा. अ‍ॅस्पिरिन आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) ह्या अटॅक टाळण्यासाठी आहेत, त्या घेऊन छातीत लगेच बरं वाटत नाही आणि सोडल्या तरी दुसऱ्या दिवशी काही जाणवत नाही, म्हणूनच लोक नेमक्या त्याच सोडतात. बीटा ब्लॉकर, अम्लोडिपिन, नायट्रेट, रॅनोलाझिन ह्या छातीचा त्रास कमी करणाऱ्या. ज्याला आधी अटॅक आलेला नाही आणि ज्याच्या हार्टचं पंपिंग चांगलं आहे त्याचं आयुष्य ह्या दुसऱ्या गटाने वाढतं असं दिसलेलं नाही, त्या बरं वाटावं म्हणूनच दिलेल्या असतात. मग बरं वाटण्याची गोळी घेऊन माणूस दिवसभर मरगळून बसत असेल तर "डॉक्टर, दुसरी काही देता का" असं विचारायला अजिबात संकोच करू नका. आपल्याकडे वयस्कर माणसं डॉक्टर रागावतील म्हणून गप्प सोसतात आणि मग एक दिवस कुणाला न सांगता गोळी बंद करतात, ह्याची मला फार काळजी वाटते.

बीटा ब्लॉकर म्हणजे मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, अटेनोलॉल वगैरे. ही पल्स खाली आणतात, साधारण ५५ ते ६० पर्यंत, म्हणजे हार्टला काम कमी आणि ऑक्सिजनही कमी लागतो. ज्यांची पल्स मुळातच ८५-९० असते, थोडं टेन्शन आलं की धडधडतं, त्यांना छान लागू पडतात. त्रास म्हणाल तर थकवा, हातपाय गार पडणं, काहींना विचित्र स्वप्नं, पुरुषांना लैंगिक तक्रारी (ह्याबद्दल कुणी बोलत नाही पण डॉक्टरांना सांगा, त्यांना नवीन नसतं). दम्याच्या माणसाने डॉक्टरांना न विचारता घेऊच नये. डायबेटीसवाल्यांनी एक लक्षात ठेवा, शुगर खाली गेली की जी धडधड होते ती ह्या गोळीने दबते, घाम मात्र येतो, तेव्हा घाम आला की शुगर तपासा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ही गोळी एकदम बंद करायची नाही, दुखणं उलटून जोरात येतं, अटॅकसुद्धा येऊ शकतो, डोस हळूहळू उतरवावा लागतो. गावाला जाताना पाकीट विसरलं तर तिथल्या मेडिकलमधून त्याच दिवशी घ्या.

अम्लोडिपिन रक्तवाहिन्या सैल करते, पल्सला फारसा हात लावत नाही, म्हणून ज्याचं बीपी वर आणि पल्स आधीच ६० च्या आसपास, किंवा दमा आहे, त्याला ही जास्त सोयीची. मुख्य त्रास एकच पण दिसणारा, संध्याकाळी घोट्याला सूज, चपलेचा पट्टा रुतायला लागतो. ही सूज किडनीची नाही आणि अंगात पाणी साठल्याचीही नाही, बारीक रक्तवाहिन्या उघडल्यामुळे पाणी बाहेर झिरपतं, म्हणून लघवीची गोळी घेऊन फारसा फरक पडत नाही. डोस १० वरून ५ केला की बहुतेकदा उतरते, किंवा बीपीची टेल्मिसार्टनसारखी गोळी सोबत असेल तर कमी येते. मात्र दोन्ही पायांऐवजी एकच पाय सुजला, किंवा सुजेबरोबर दम लागायला लागला, तर ती वेगळी गोष्ट, लगेच दाखवा. काहींच्या हिरड्याही वाढतात, दाताच्या डॉक्टरांना ही गोळी चालू असल्याचं सांगा. डिल्टियाझेम आणि वेरापामिल ह्याच घराण्यातल्या पण त्या पल्स कमी करतात, बीटा ब्लॉकरबरोबर घेतल्या तर पल्स धोकादायक खाली जाऊ शकते, म्हणून दोन वेगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या असतील तर एकमेकांना दाखवा.

नायट्रेटही रक्तवाहिन्या सैल करतं, त्यात दोन प्रकार. जिभेखालची सॉर्बिट्रेट ही तर प्रत्येकाच्या खिशात असायलाच हवी, ती ह्या तुलनेत येतच नाही. बसून घ्या, उभ्याने घेतली तर चक्कर येऊन पडायला होतं. पाच मिनिटांत दुखणं कमी होत नसेल किंवा वाढत असेल तर १०८ ला फोन करा, वाट बघत बसू नका. जिना चढायच्या किंवा देवळाच्या पायऱ्या चढायच्या पाच-दहा मिनिटं आधी घेतली तर दुखणं येतच नाही, डॉक्टरांना विचारून असंही वापरता येतं आणि हे कितीतरी पेशंटना कुणी सांगितलेलंच नसतं. लैंगिक तक्रारीसाठीची सिल्डेनाफिल (व्हायग्रा) घेतली असेल तर २४ तास आणि त्याच कामाची टाडालाफिल असेल तर ४८ तास नायट्रेट घ्यायचं नाही, बीपी इतकं पडतं की जीवावर बेतेल.

रोजची नायट्रेट गोळी मात्र मला तिसऱ्या नंबरची वाटते. सुरुवातीला डोकं भयंकर ठणकतं, बहुतेकांचं हळूहळू कमी होतं आणि तोवर पॅरासिटामॉल चालतं. पण शरीराला तिची सवय लागते, म्हणजे तिचा असर कमी होत जातो. डायनामाइटच्या कारखान्यातल्या कामगारांना नायट्रोग्लिसरीनमुळे सोमवारी डोकेदुखी व्हायची, आठवडाभरात जायची आणि रविवारच्या सुट्टीनंतर परत यायची, ती ह्याच सवयीमुळे. म्हणून दिवसातले १०-१२ तास शरीर नायट्रेटशिवाय ठेवावं लागतं. मोनोनायट्रेट (ही रोजची नायट्रेट गोळी) दोनदा असेल तर सकाळी ८ आणि दुपारी ३ अशी घेतात, सकाळ-रात्र अशी नाही. चिठ्ठीवर सकाळ-रात्र लिहिलं असेल तर विचारा.

ह्या तिघांनी भागलं नाही तर रॅनोलाझिन, जी बीपी आणि पल्स पाडत नाही पण पोट गच्च करते, आणि मेटफॉर्मिनच्या जास्त डोसबरोबर जपून द्यावी लागते. अशाच आणखी काही जोडीच्या गोळ्या आहेत. इव्हाब्रॅडिनने काहींना डोळ्यासमोर उजेडाचे ठिपके दिसतात, घाबरू नका पण रात्री गाडी चालवताना सांभाळा. निकोरँडिलने तोंडात न भरणारे अल्सर आले तर गोळीवर संशय घ्या. ट्रायमेटाझिडिनने हात थरथरायला लागले, चाल मंदावली, तर म्हातारपण समजून सोडून देऊ नका.

स्टॅटिनने अंग दुखतं म्हणणाऱ्यांसाठी इंग्लंडमधला सॅमसन नावाचा अभ्यास सांगते. २०२० मध्ये आला. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० लोकांना काही महिने स्टॅटिन, काही महिने तशीच दिसणारी खोटी गोळी, काही महिने काहीच नाही असं दिलं, तर स्टॅटिनवर होणाऱ्या त्रासातला ९० टक्के त्रास खोट्या गोळीवरही झाला. दुखणं खरंच होतं, कारण बहुतेकदा औषध नव्हतं, आणि हे कळल्यावर निम्म्या लोकांनी गोळी परत सुरू केली.

आता स्टेंट. हे फक्त स्थिर अंजायनाबद्दल, बसल्या जागी दुखायला लागलं किंवा दुखणं वाढत चाललं तर ही तुलना लागू नाही, हॉस्पिटल गाठा. इस्केमिया नावाच्या मोठ्या अभ्यासात, ५,१७९ पेशंट, निकाल २०२० मध्ये, सुरुवातीलाच स्टेंट किंवा बायपास केलेल्यांत आणि गोळ्यांवर ठेवलेल्यांत मृत्यूचं प्रमाण सारखंच निघालं, पण ज्यांना वारंवार दुखायचं त्यांना स्टेंटने जास्त आराम पडला. डाव्या मुख्य धमनीत मोठा ब्लॉक असलेले त्यात घेतलेच नव्हते, त्यांची गोष्ट वेगळी. २०२३ च्या ऑर्बिटा-२ नावाच्या अभ्यासात अंजायनाच्या गोळ्या बंद करून अर्ध्यांना खरा स्टेंट टाकला आणि अर्ध्यांना स्टेंट टाकल्याचं नुसतं नाटक केलं, तेव्हा स्टेंटवाल्यांपैकी ४० टक्के दुखण्यातून मोकळे झाले, नाटकवाल्यांपैकी १५ टक्के. म्हणजे स्टेंट टाकूनही निम्म्याहून जास्त लोकांना थोडंफार दुखतच राहिलं.

त्यामुळे दोन-तीन गोळ्या नीट बदलून, डोस जुळवूनही रोजचं चालणं अडत असेल, किंवा गोळ्यांचा त्रास खरंच सोसवत नसेल, तर स्टेंट विचारात घ्या, मी तरी घेईन. "ब्लॉक आहे म्हणून आजच टाकून घ्या" एवढ्यावर हो म्हणू नका, स्थिर अंजायनात दुसरं मत घ्यायला वेळ असतो. आणि गोळ्यांतून सुटका म्हणून स्टेंट मागत असाल तर नंतर अ‍ॅस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेल (रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी) साधारण सहा महिने येतं, स्टॅटिन राहतंच, कमी होतात त्या फक्त दुखण्याच्या गोळ्या, आणि त्याही सगळ्यांच्या नाही.