वडोदऱ्याच्या अलकापुरीतला परदेशी शिक्षण सल्लागार: कागद चोख, यादी तपासून घ्या

कागदपत्रांत हे ऑफिस पक्कं. ब्रिटनच्या विसासाठी पैसे सलग 28 दिवस खात्यात हवेत. एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो, हे पहिल्याच भेटीत बजावतात. वडिलांचं खातं दाखवायचं तर संमतिपत्र आणि जन्मदाखला; दाखला नुसता गुजरातीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतरही.

विद्यापीठ निवडताना मात्र सावध. कमिशन विद्यापीठाकडून मिळतं, म्हणून यादी तिकडेच झुकते. रसेल ग्रुपची (ब्रिटनमधल्या संशोधनात पुढे असलेल्या विद्यापीठांचा गट) 24 नावं आधी स्वतः पाहा, विषयवार क्रमवारी वेगळी. ब्रिटनमध्ये 70 टक्के म्हणजे फर्स्ट, म्हणजे सर्वांत वरचा वर्ग, हेही विचारल्याशिवाय सांगत नाहीत! सत्र चालू असताना पदवीच्या मुलांना आठवड्याला 20 तासच काम. लंडनचं घरभाडं त्यातून सुटेल ही त्यांची बात सोडून द्या.