सरकारी रुग्णालयातील सुरक्षा क्लिनिक : एका एआरटी रुग्णाचा अभिप्राय

कोकण किनारपट्टीवरील एका सरकारी रुग्णालयातील सुरक्षा क्लिनिकबद्दल, म्हणजे लैंगिक आजारांच्या दवाखान्याबद्दल, हा अभिप्राय आहे. रुग्णालयाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण काही तक्रारीही मांडायच्या आहेत. मी बंदरावर मासळीच्या लिलावाचे हिशेब लिहितो आणि नऊ वर्षांपासून एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या, गोळ्या घेतो. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातील एचआयव्ही विषाणूचे प्रमाण, सापडणार नाही इतका कमी असल्यामुळे आता इतर कोणत्या लैंगिक आजाराची चिंता करण्याचे कारण उरलेले नाही, अशा समजुतीत मी होतो. एआरटी एचआयव्हीला आवरते. उपदंश, परमा (गोनोरिया) किंवा हर्पिस यांना ती अडवत नाही, हे मला फार उशिरा समजले.

तळहातांवर तांबूस चट्टे उठले होते, पण बर्फ-मिठात हात असणाऱ्या आम्हा बंदरावरच्यांना त्यात नवल वाटत नाही. त्याआधी एक न दुखणारा फोड आला आणि आपोआप बराही झाला होता. जुनी माणसे ज्याला ‘गरमी’ म्हणतात तो उपदंश नेमका असाच येतो आणि काहीच न झाल्यासारखा दडून बसतो. एआरटी केंद्रात नेहमीच्या रक्ततपासणीबरोबर व्हीडीआरएल ही उपदंशाची चाचणीही झाली, ती १:३२ अशी रिॲक्टिव्ह आली, म्हणजे रक्त ३२ पट पातळ करूनही उपदंशाची खूण सापडली, आणि मला सुरक्षा क्लिनिकमध्ये पाठवण्यात आले. मी न मागता ही चाचणी झाली, याचे श्रेय त्या केंद्राला द्यायलाच हवे.

समुपदेशक ताईंनी दार लावून घेतले, हा आजार कुठून आला याची उलटतपासणी केली नाही, फक्त जोडीदाराला तपासणीसाठी आणण्याविषयी स्पष्ट सांगितले. संसर्ग किती जुना हे ठरवता येत नसल्याने बेंझाथिन पेनिसिलिनची २४ लाख युनिटची मात्रा आठवड्याच्या अंतराने तीन वेळा, दोन्ही कुल्ल्यांत विभागून, देण्यात आली. पहिल्या रात्री थंडी वाजून ताप आला. तसे होऊ शकते हे आधीच सांगितलेले असल्याने पत्नी घाबरली नाही. तिचीही तपासणी झाली. या साऱ्याला एक रुपयाही लागला नाही.

येथील औषधोपचार लक्षणांवरून ठरतो : स्राव असेल तर औषधांचे राखाडी किट, हर्पिससारखे फोड असतील तर लाल, ओटीपोटात दुखत असेल तर पिवळे. प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट न पाहता त्याच दिवशी उपचार मिळतात, आणि दोन एसट्या बदलून येणाऱ्या माणसासाठी ही मोठीच सोय आहे. मात्र ज्याला लक्षणच नाही तो या रंगांच्या जाळ्यातून निसटतो. क्लॅमिडिया हा लैंगिक संसर्ग स्त्रियांमध्ये बहुधा लक्षणांशिवायच राहतो, आणि त्याची चाचणी येथे होत नाही. एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या सुमारे सहापट असतो, तरीही त्याच्या तपासणीबद्दल पत्नीला कोणी आपणहून काही सांगितले नाही. आम्हीच विचारले तेव्हा स्त्रीरोग विभागाची चिठ्ठी मिळाली.

दुसरी तक्रार गुप्ततेची आहे. खोलीच्या आत जी काळजी घेतली जाते, ती बाहेरच्या बाकावर संपते. माझे आडनाव आणि गावाचे नाव एका कर्मचाऱ्याने मोठ्याने पुकारले, तेव्हा आमच्याच वाडीतील एक गृहस्थ शेजारच्या रांगेत उभे होते. एचआयव्हीची माहिती गुप्त ठेवण्याची हमी देणारा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. नावाऐवजी टोकन क्रमांक पुकारायला काही मोठी सोय लागत नाही.

वेळेचाही प्रश्न आहे. क्लिनिक सकाळीच चालते, आणि आठ-दहा दिवसांच्या फेरीला जाणाऱ्या खलाशाला दर आठवड्याचे इंजेक्शन जमत नाही. अंतर फार वाढले तर उपचार पहिल्यापासून सुरू करावे लागू शकतात. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी असते, नौका किनाऱ्याला असतात. तेवढ्या काळात तरी बंदरावर तपासणीचे शिबिर घेतले तर बरीच माणसे सापडतील.

तीन महिन्यांनी माझे टायटर, म्हणजे त्या व्हीडीआरएल चाचणीचा आकडा, १:८ वर आले, म्हणजे चौपट उतरले. सहाव्या महिन्याची तारीख केस पेपरवर लिहिलेली आहे आणि मी जाणार आहे. पाचपैकी साडेतीन गुण. उरलेले दीड त्या बाहेरच्या बाकासाठी कापले आहेत.