मांजरांच्या कच्च्या आहारात माशाचं तेल: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

माझ्याकडे दोन मांजरं आहेत. ठमी साडेतीन किलोची आणि नखरेल, बंड्या पाच किलोचा आणि समोर येईल ते फस्त करणारा. नऊ महिन्यांपूर्वी दोघांना कोरड्या दाण्यांवरून कच्च्या मांसावर आणलं. टॉरिन (मांजराला मांसातून मिळावंच लागणारं एक पोषकद्रव्य) किती, कॅल्शियम किती, कलेजी किती टक्के, हे सगळं घोकून पाठ केलं होतं. चरबीचा निकाल मात्र एका वाक्यात लावला होता: मांसात ओमेगा-६ गटातली मेदाम्लं जास्त आणि ओमेगा-३ गटातली कमी असतात, म्हणून वरून माशाचं तेल घालायचं. त्या एका वाक्यानं काय काय केलं, ते लिहिते.

तेल घेतलं ते पंपाच्या बाटलीतलं, २५० मिलीचं. कंपनीचं नाव घेत नाही, कारण दोष तेलाचा कमी आणि माझा जास्त होता. बाटलीवर वजनानुसार पंप सांगितले होते, मी दोघांनाही रोज एकेक पंप, म्हणजे सुमारे एक मिली द्यायला लागले. मांस शेळीचं, तेही मुद्दाम बिनचरबीचं. खिमा करताना चरबीचे तुकडे वेचून टाकायचे, कारण ‘स्वच्छ’ मांस चांगलं असा माझा समज.

पहिला महिना झकास गेला. दुसऱ्या महिन्यात ठमीच्या पाठीवर, शेपटीच्या मुळाशी कोंडा दिसायला लागला. काळ्या मांजरीवर तो लपतही नाही. केस निस्तेज, हात फिरवला की भुरभुर. दोघांचीही शी सैल. आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? मी ठमीचं तेल दीड पंप केलं. ‘कोरडी त्वचा म्हणजे तेल कमी’ हे इतकं पटण्यासारखं वाटतं की त्यावर कुणी दुसरा विचार करत नाही.

चौथ्या महिन्यात बंड्यानं, ज्यानं आजवर कशालाही नाही म्हटलेलं नाही त्यानं, वाटीला तोंड लावलं नाही. वास घेतला, पंजानं जमीन खरवडली (शी झाकताना करतात तसं) आणि निघून गेला. मी तेल हुंगलं तर मला नुसता माशाचा वास आला. चाखून पाहिलं तेव्हा घशात कडवट, खवट चव उतरली. मांजराचं नाक माझ्या पुढे होतं. इथे एक सांगून ठेवते: ‘भूक लागली की खाईल’ म्हणून मांजराला उपाशी ठेवायचं नसतं. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर यकृतात चरबी साचायला लागते, आणि बंड्यासारख्या गुबगुबीत मांजरात हा धोका जास्त. त्या दिवशी बिनतेलाचं मांस ठेवलं, दोन मिनिटांत वाटी लख्ख.

डॉक्टरांकडे गेले तेव्हा त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “तेल किती घालता?” मी म्हटलं, एक पंप. “पंप म्हणजे ईपीए आणि डीएचए मिळून किती मिलिग्रॅम?” ही माशाच्या तेलातली मुख्य दोन ओमेगा-३ आम्लं, एवढंच मला माहीत; आकडा सांगता येईना. मग बाटलीवरचा तक्ता वाचून आम्ही हिशेब मांडला.

माझ्या तेलात ईपीए आणि डीएचए मिळून जवळपास ३० टक्के होतं. म्हणजे एका मिलीत साधारण २८० मिलिग्रॅम. आता गरज किती? अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनं, म्हणजे एनआरसीनं, २००६ साली कुत्र्या-मांजरांच्या पोषणाचे जे आकडे दिले, त्यात प्रौढ मांजरासाठी दर १००० किलोकॅलरीमागे ईपीए-डीएचए मिळून २५ मिलिग्रॅम अशी शिफारस आहे. बंड्या दिवसाला साधारण २४० किलोकॅलरी खातो. म्हणजे त्याला लागतात सहा मिलिग्रॅम. मी देत होते त्याच्या पंचेचाळीसपटीहून जास्त. तेलाच्या एका थेंबात आठ-दहा मिलिग्रॅम असतात. एका थेंबाच्या कामाला मी पंप लावला होता.

सहा मिलिग्रॅम हा निरोगी प्रौढ मांजराचा आकडा आहे. सांधेदुखी, मूत्रपिंडाचा विकार अशा वेळी डॉक्टर याहून कितीतरी जास्त देतात, आणि तो औषधाचा डोस असतो. पिल्लं आणि गाभण मांजरी यांचंही गणित वेगळं. मी मात्र औषधाच्या मापानं अन्न वाढत होते. जास्त माशाच्या तेलानं शी पातळ होते आणि रक्त गोठण्याच्या क्रियेवरही परिणाम होतो, हे डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं.

पण खरी मेख वेगळीच निघाली. मी ज्याला खलनायक समजून बसले होते, ते ओमेगा-६ माझ्या वाटीत कमी पडत होतं.

ओमेगा-६ गटातलं मुख्य आम्ल म्हणजे लिनोलेइक आम्ल, आणि ते मांजराला अन्नातून मिळावंच लागतं. त्वचेचा पाणी धरून ठेवणारा थर त्याच्यावर उभा असतो, आणि ते कमी पडलं की केस निस्तेज होतात, कोंडा होतो. एनआरसीची शिफारस दर १००० किलोकॅलरीमागे १.४ ग्रॅम, म्हणजे बंड्याला रोज ३३६ मिलिग्रॅम. बिनचरबीच्या शेळीच्या मांसात १०० ग्रॅमला सगळी मिळून सव्वादोन-अडीच ग्रॅमच चरबी असते, आणि त्यात लिनोलेइक आम्ल सुमारे एक दशांश ग्रॅम. बंड्याचं दिवसाचं मांस सव्वादोनशे ग्रॅम. कलेजी धरूनही बेरीज तीनशे मिलिग्रॅमच्या आत राहिली. वरून घातलेल्या माशाच्या तेलात तर हे आम्ल नावालाच असतं. म्हणजे तेल वाढवून मी कोंड्यावर उपाय करत नव्हतेच.

यामागचं कारण मला फार आवडलं. शेळी, मेंढी, गाय ही सगळी रवंथ करणारी जनावरं. त्यांनी चाऱ्यातून खाल्लेली बहुअसंपृक्त मेदाम्लं (ओमेगा-६, ओमेगा-३ ही त्यातलीच) पोटातल्या पहिल्या कप्प्यात जिवाणूंच्या तावडीत सापडतात, आणि ते जिवाणू त्यांना हायड्रोजन जोडून संपृक्त करून टाकतात. म्हणून गाईच्या चरबीत लिनोलेइक आम्ल तीन टक्के, मेंढीच्या चरबीत पाच-साडेपाच टक्के. डुकराच्या चरबीत ते दहाच्या आसपास आणि कोंबडीच्या चरबीत जवळपास वीस टक्के, कारण कोंबडीच्या पोटात हा कारखाना नाही. ती जे खाते ते तिच्या चरबीत उतरतं. तेव्हा ‘मांसात ओमेगा-६ फार असतं’ हे वाक्य कोंबडीपुरतं खरं. ते वाचून शेळीच्या मांसावर तेल ओतणारी मी!

ओमेगा-६ आणि ओमेगा-३ चं ‘आदर्श प्रमाण’ सांगणारेही खूप भेटतात. कुणी ५:१ म्हणतं, कुणी १०:१. प्रमाण बरोबर असूनही दोन्ही कमी असू शकतात, हे साधं गणित त्यात कुणी बोलत नाही. अमेरिकेत पशुखाद्याचे निकष ठरवणाऱ्या अ‍ॅफ्कोच्या तक्त्यात ३०:१ ची कमाल मर्यादा आहे, पण ती कुत्र्यांसाठी. मांजरांच्या तक्त्यात तशी मर्यादाच नाही. मी आता प्रमाण बघतच नाही, प्रत्येक आम्लाचे मिलिग्रॅम बघते.

राहिलं ई जीवनसत्त्व, जे मी पूर्ण विसरले होते. माशाच्या तेलातली लांब साखळीची मेदाम्लं चटकन खवट होतात, बाटलीत होतात तशी शरीरातही होतात, आणि तिथे त्यांना आवरायला ई जीवनसत्त्व खर्ची पडतं. मासे भरपूर आणि ई कमी अशा आहारावर मांजराच्या अंगातली चरबीच सुजते, पिवळी-तपकिरी पडते. त्याला पिवळ्या चरबीचा आजार म्हणतात. मांजराला ताप येतो, उचललं तरी दुखतं. डॉक्टरांनी ठमीचं पोट आणि मांड्यांच्या बाजू हळूहळू चाचपल्या त्या एवढ्यासाठी, त्वचेखाली दुखऱ्या गाठी आहेत का ते बघायला. नव्हत्या. ते दोन मिनिटं मी श्वास धरून उभी होते.

अ‍ॅफ्कोचा नियम असा: आहाराच्या कोरड्या वजनात किलोमागे किमान ४० आययू (जीवनसत्त्व मोजायचं आंतरराष्ट्रीय एकक) ई जीवनसत्त्व, आणि माशाचं तेल घातलं तर किलोमागे त्या तेलाच्या दर ग्रॅमला आणखी १०. बंड्याचा रोजचा आहार कोरडा धरला तर ६० ग्रॅम. एक पंप तेलासह त्याला रोज अकरा-साडेअकरा आययू हवं होतं. तेलाशिवाय अडीचच्या आत भागलं असतं. मांसात ई मुळात बेताचंच असतं, वरून मी शून्य घालत होते. म्हणजे तेलानं गरज जवळजवळ पाचपट केली आणि मी ती भागवलीच नाही.

आता पाचव्या महिन्यापासून काय चालू आहे ते.

निम्मं मांस कोंबडीच्या मांडीचं, थोडी कातडी ठेवून. निम्मं शेळीचं, चरबीचे तुकडे न वेचता. लिनोलेइक आम्लाचा प्रश्न एवढ्यावर मिटला, वेगळं तेल लागलं नाही. चौदा दिवसांचा खिमा एकदम करते, त्यात ४०० आययूची ई जीवनसत्त्वाची एक गोळी फोडून नीट कालवते. दोन मांजरं, चौदा दिवस, प्रत्येकाच्या वाट्याला रोज चौदा आययू. हा हिशेब डॉक्टरांना दाखवून घेतला, तुम्हीही तुमचा दाखवा.

माशाचं तेल गठ्ठ्यात कालवून गोठवत नाही. कारण थंडीत खवटपणा मंदावतो, थांबत नाही. पंपाची बाटली तर हद्दपारच केली. दोन मांजरांना रोज दोन मिली धरले तरी २५० मिली संपायला चार महिने लागतात, आणि प्रत्येक दाबाला आत हवा जाते; थेंबाच्या मापानं तर ती काही वर्षं पुरेल. माणसांची १००० मिलिग्रॅमची साधी गोळी मिळते, १८० ईपीए आणि १२० डीएचएवाली. ती टाचणीनं टोचून एक थेंब ठमीच्या वाटीत, उरलेलं मी गिळते. गोळी घेताना कॉड माशाच्या यकृताचं तेल नाही ना, एवढं पाहायचं. त्यात अ आणि ड जीवनसत्त्वं असतात, आणि आहारात कलेजी असताना अ आणखी वाढवलं तर कालांतरानं मानेच्या मणक्यांवर हाडं वाढून मांजर अवघडून बसतं.

बाटलीच घ्यायची असेल तर विक्रेत्याकडे त्या खेपेचा तपासणी अहवाल मागा. ओमेगा-३ उत्पादकांच्या गोएड या संघटनेनं खवटपणाच्या मापांना घातलेली मर्यादा पेरॉक्साइडसाठी ५, अ‍ॅनिसिडिनसाठी २० आणि दोन्हींवरून काढलेल्या टोटॉक्ससाठी २६ अशी आहे. माझ्या विक्रेत्याला टोटॉक्स हा शब्दच ठाऊक नव्हता.

जवसाचं तेलही मधे आणलं होतं, ‘शाकाहारी ओमेगा-३’ म्हणून. कुत्र्याला त्याचा थोडाफार उपयोग होत असेल, मांजराला जवळपास नाही. डेल्टा-६ डिसॅच्युरेज हे विकर मांजरात फारच कमी काम करतं, त्यामुळे जवसातल्या आम्लापासून ईपीए-डीएचए घडवणं तिला जमत नाही. याच कारणानं ओमेगा-६ गटातलं अ‍ॅराकिडॉनिक आम्लही तिला तयारच लागतं, पण मांस, कलेजी आणि अंड्याचा पिवळा बलक खाणाऱ्या मांजराला त्याची वाण नसते. जवसाचं तेल माझ्या पोळ्यांच्या कणकेत संपलं.

आणखी एक बदल केला, तो मेदाम्लांमुळे नव्हे. २०२४ च्या शेवटी अमेरिकेत कच्च्या मांजरखाद्यात बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू सापडला, ते खाऊन मांजर दगावलं. गोठवल्यानं तो विषाणू मरत नाही, शिजवल्यानं मरतो. तेव्हापासून कोंबडी मी कच्ची देत नाही, नीट वाफवून देते. कट्टर कच्चेवाले नाकं मुरडतील, मुरडोत. फक्त वाफवताना सुटलेलं पाणी आणि वर तरंगणारी चरबी ओतून देऊ नका, ती परत मांसात कालवा. लिनोलेइक आम्ल त्या चरबीत आहे आणि टॉरिन त्या पाण्यात. शिजलेलं हाड मात्र कधीही नाही. ते फुटून टोकदार होतं.

परिणाम? शी दहा दिवसांत बांधून यायला लागली. कोंडा जायला मात्र दोन महिने लागले, आधी पाठीवरचा, शेवटी शेपटीच्या मुळाशी असलेला. केसांची चमक सातव्या महिन्यात जाणवली, तीही मला नाही, महिनाभरानं घरी आलेल्या बहिणीला. कातडी, ई जीवनसत्त्व आणि तेल हे तिन्ही मी एकाच आठवड्यात बदलले, त्यामुळे श्रेय वाटून देता येत नाही. पुन्हा करायचं झालं तर एकेक बदल करून पंधरा दिवस थांबेन आणि वहीत लिहीन.

बंड्याला आता तेल नाहीच. आठवड्यातून एकदा पाण्यातली, बिनमिठाची डबाबंद तारली, दहा ग्रॅम. त्यात साधारण १०० मिलिग्रॅम ईपीए-डीएचए येतं, रोजचे चौदा पडतात, त्याला पुरून उरतात. डब्यात मासा शिजलेला असतो, त्यामुळे काही कच्च्या माशांत असणारं बी-१ नष्ट करणारं विकरही उरत नाही. डबा उघडल्याचा आवाज त्याला दोन खोल्या ओलांडून ऐकू येतो. ठमी तारलीकडे बघून पंजानं जमीन खरवडते, म्हणून तिच्यासाठी टाचणी अजून स्वयंपाकघराच्या खिळ्याला टांगलेली आहे.