‘सगळे आयसी गेलेत’ म्हणणाऱ्यापासून सावध

जुना कॉम्प्युटर किंवा व्हिडिओ गेम दुरुस्तीला देणार असाल, तर आधी हे वाचा.

मामांनी १९८४ साली इंग्लंडहून आणलेला सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रम हा ४८ के (किलोबाइट) मेमरीचा घरगुती कॉम्प्युटर माझ्याकडे आहे. अलीकडे चालू केला की पडद्यावर नुसत्या पट्ट्या यायच्या. ‘जुन्या बोर्डावरचे आयसी (म्हणजे चिप) सुरक्षित काढून मिळतील’ अशी जाहिरात करणाऱ्या एका कारागिराकडे तो दिला. त्याचा फोन आला, “साहेब, रॅमचे आठही आयसी गेलेत आणि सीपीयूपण. हा माल आता मिळत नाही, पण तुमच्यासाठी बघतो.” साडेसहा हजार घेतले, बिल कच्चं. मशीन थोडे दिवस चाललं आणि पुन्हा पट्ट्या!

देण्याआधी बोर्डाचे फोटो काढून ठेवले होते, ते इथे कामी आले. एका जाणकार मित्राने बोर्ड उघडला आणि आधी आयसींकडे बघितलंच नाही. त्याने बोट ठेवलं ते टीआर-४ या ट्रान्झिस्टरवर. त्याचं सोल्डर नवं, चकचकीत. बिलात त्याचा उल्लेखही नाही! स्पेक्ट्रमच्या खालच्या १६ केसाठी ४११६ जातीचे आठ आयसी असतात. त्यांना ५ व्होल्टबरोबर १२ आणि उणे ५ व्होल्टही लागतात, आणि हे दोन्ही बोर्डावरच तयार होतात, याच ट्रान्झिस्टरच्या जिवावर. तो गेला की उणे ५ जातात आणि एखाददुसरा रॅम जळतोही. सीपीयू मात्र फक्त ५ व्होल्टवर चालतो, त्याचा सहसा यात बळी जात नाही. म्हणजे खरा बिघाड किरकोळ किमतीचा, तो गुपचूप दुरुस्त केला आणि वर चांगले आयसी काढून घेतले.

बसवलेले आयसी तरी नीट असावेत? मित्राने कापसाला ॲसिटोन लावून एकावर घासलं. कापूस काळा झाला, वरचा थर निघाला आणि खाली पॉलिश पेपरच्या रेघा दिसल्या. पहिल्या पायाजवळ जी गोल खळगी असते, तीही त्या रंगाने अर्धी बुजलेली. घासून, रंगवून, वर हवा तो नंबर छापलेला माल! झायलॉग कंपनीने २०२४ मध्ये झेड-८० च्या, म्हणजे स्पेक्ट्रममधल्याच सीपीयूच्या, नव्या ऑर्डर घेणं बंद केलं, तेव्हापासून जुन्या सीपीयूवर डोळा ठेवणारे जास्तच झालेत.

आणि ते ‘सुरक्षित काढणं’? हॉट एअर गन मारून स्क्रूड्रायव्हरने उचकटलेलं होतं. तीन ठिकाणी पॅड, म्हणजे पाय जिथे सोल्डर होतो ते तांब्याचे ठिपके, उखडले, भोकांमधलं तांब्याचं अस्तरही पायाबरोबर बाहेर आलं. तिथे आता जंपर वायरी आहेत.

खरोखर मेलेला आयसी वाचवायचं कारणच नसतं. बारीक कटरने त्याचे पाय अंगालगत कापायचे, मग एकेक पाय तापवून चिमट्याने अलगद काढायचा आणि शेवटी सोल्डर ओढणाऱ्या पंपाने भोक मोकळं करायचं. आयसी जपायचाच असेल तर आधी फ्लक्स (सोल्डर नीट वाहावं म्हणून लावतात ती पेस्ट) आणि थोडं ताजं सोल्डर द्यायचं, म्हणजे जुनं सोल्डर नीट वितळतं, आणि मग सक्शनवालं डिसोल्डरिंग मशीन. ग्राउंडचा पाय उष्णता खातो, तिथे घाई केली की बोर्डावरची तांब्याची रेघ, म्हणजे ट्रॅक, गेलाच. नवा आयसी बेसवर (सॉकेटवर) बसवायला सांगा, पुढच्या वेळी सोल्डरला हात लागणार नाही.

काढलेले आयसी परत मागितले तर उत्तर मिळालं, “कचऱ्यात गेले, साहेब.” फोटो दाखवल्यावर अर्धे पैसे आले, आयसी आले नाहीत. कच्च्या बिलावर जेवढं जमेल तेवढं म्हणून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तुम्ही बोर्ड देताना आयसींवरचे नंबर आणि तारखेचा कोड वाचता येईल इतक्या जवळून फोटो काढा, आणि ‘काढलेला प्रत्येक भाग परत देणार’ हे पावतीवर लिहून घ्या. लिहून द्यायला जो का-कू करेल, त्याच्याकडे बोर्ड ठेवू नका.