स्मिथसोनियन फोकवेजवरची क्रिओल गाणी, पैसे देऊन घ्यावीत का? माझं मत

धुळे-जळगावकडच्या दोन-तीन जणांनी विचारलं की तुम्ही ते अमेरिकेतलं कुठलं अकॉर्डियन सारखं ऐकत असता, ते कुठून घेता आणि पैसे देण्यासारखं आहे का, म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो. गाणी अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यातल्या क्रिओल लोकांची आहेत आणि मी घेतो स्मिथसोनियन फोकवेज या रेकॉर्ड कंपनीच्या साइटवरून. उत्तर हो असंच आहे, घ्या. गाणी सुरेख आहेतच, पण प्रत्येक रेकॉर्डसोबत त्या माणसांची जी माहिती येते ना, गाव कुठलं, शेती कोणाची, वाजवायला कोणाकडून शिकला, घरात अजून कोण वाजवतं, ती मला दुसरीकडे कुठे मिळाली नाही.

आधी कंपनीबद्दल थोडं. फोकवेज १९४८ मध्ये मोझेस ॲश यांनी न्यूयॉर्कमध्ये सुरू केली. ते गेल्यावर १९८७ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने ती घेतली, आणि अट काय होती तर एकही रेकॉर्ड यादीतून काढायची नाही, खपो नाहीतर न खपो. ही अट मला फार मोठी वाटते. मग २०१६ मध्ये त्यांनी आरहूली रेकॉर्ड्स ही दुसरी रेकॉर्ड कंपनी घेतली आणि क्रिओल संगीताचा खरा माल या आरहूलीतच आहे. आरहूलीवाले क्रिस स्ट्राखविट्झ, जर्मनीत जन्मलेले, महायुद्धानंतर पोरवयात अमेरिकेत आले, १९६० मध्ये कंपनी काढली आणि पुढे आयुष्यभर टेप मशीन घेऊन लोकांच्या घरी, गुत्त्यांमध्ये, डान्स हॉलमध्ये जाऊन रेकॉर्डिंग करत राहिले, २०२३ मध्ये वारले. स्टुडिओत बोलावून गाणं घेणं वेगळं आणि माणूस जिथे रोज वाजवतो तिथे जाऊन घेणं वेगळं, हा फरक कानाला लगेच कळतो.

आता हे क्रिओल कोण, तर दक्षिण-पश्चिम लुईझियानातले फ्रेंच बोलणारे काळे लोक, ऑपेलूसस, यूनिस, ड्युराल्ड या भागातले, भातशेती करणारे, बरेचसे दुसऱ्याच्या शेतात वाट्याने राबणारे. त्यांचे शेजारी केजन, म्हणजे १७५५ पासून इंग्रजांनी कॅनडातून हुसकावलेल्या फ्रेंच लोकांचे वंशज. दोघांची गाणी इतकी एकमेकांत मिसळलीत की कोणतं कोणाचं सांगता येत नाही, पण एका पंगतीला बसायची सोय नव्हती. अमेदे आर्दवाँ ऐकलात की हे लक्षात येतं. १८९८ चा जन्म, अकॉर्डियन वाजवणारा काळा माणूस, आणि जोडीला फिडल म्हणजे व्हायोलिन वाजवणारा डेनिस मॅगी गोरा, त्या काळात! १९२९ मध्ये न्यू ऑर्लिन्सला दोघांची पहिली रेकॉर्ड झाली, १९३४ पर्यंत अमेदेच्या एकूण ३४ बाजू निघाल्या (तबकडीच्या एका बाजूला एक गाणं), बस एवढंच. तिकडचे लोक सांगतात की एका नाचाच्या रात्री गोऱ्या घरातल्या बाईने त्याला घाम पुसायला रुमाल दिला म्हणून काही गोऱ्यांनी त्याला रस्त्यात गाठून इतकं मारलं की तो त्यातून सावरलाच नाही. १९४२ मध्ये पाइनव्हिलच्या वेड्यांच्या इस्पितळात वारला, कबरीवर नाव नाही. २०१८ मध्ये ऑपेलूससला त्याचा पुतळा उभा राहिला. हे सगळं माहीत झाल्यावर तो उंच, ताणलेला आवाज ऐकताना घशात आवंढा येतो, खोटं नाही सांगत. रेकॉर्ड जुन्या आहेत, खरखर आहे, पहिल्यांदा ऐकताना वैताग येऊ शकतो, पण थोडं थांबा, कान सरावतो.

मला स्वतःला सगळ्यात जवळचे वाटले ते बोआ सेक आर्दवाँ (अमेदेच्याच घराण्यातले, १९१५ ते २००७) आणि त्यांचे जोडीदार कॅनरे फॉन्तनो (१९२२ ते १९९५). बोआ सेक अकॉर्डियनवर, कॅनरे फिडलवर. दोघेही कष्टकरी माणसं, दिवसभर शेत आणि रात्री कोणाच्या तरी घरी नाच. कॅनरेंनी लहानपणी पहिलं फिडल सिगारच्या लाकडी डब्याचं बनवलं होतं आणि तारा लावल्या त्या दाराच्या जाळीतल्या ओढून काढलेल्या! १९६६ मध्ये हे दोघे न्यूपोर्टच्या लोकसंगीताच्या मोठ्या फेस्टिव्हलला वाजवायला गेले, १९८६ मध्ये दोघांना देशाचा लोककलेचा मोठा सन्मान मिळाला, आणि वाजवणं शेवटपर्यंत तसंच राहिलं, घरातल्यासारखं. बोआ सेकची मुलं त्यांच्या बँडमध्ये होती, आता नातवंडं स्वतःचे बँड चालवतात.

त्यांच्या घरगुती नाचाला तिकडे ला-ला म्हणतात. शनिवारी एखाद्याच्या घरातलं सामान बाहेर काढायचं, खोली मोकळी करायची, घरची बाई मोठ्या भांड्यात गंबो शिजवते म्हणजे पीठ तेलात चांगलं तपकिरी होईपर्यंत परतून केलेला रस्सा, त्यात कोंबडी, सॉसेज, कुठे भेंडी, आणि भातावर वाढायचा. थंडीत डुक्कर कापायचं असेल तर शेजारपाजारचे सगळे येणार, काम वाटून घेणार, ज्याच्या त्याच्या घरी वाटा जाणार. मार्दी ग्रासला, म्हणजे उपवासाचे चाळीस दिवस सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, मुखवटे घालून टोळी घरोघर फिरते, त्यांचा कप्तान आधी घरमालकाची परवानगी घेतो, मग हे गाणं म्हणून मागतात, कोणी तांदूळ देतं, कोणी जिवंत कोंबडी सोडून देतं आणि सगळे तिच्यामागे चिखलात धावतात, संध्याकाळी त्याच सगळ्याचा गावाला गंबो. हे वाचून मग ती मागणीची गाणी ऐकलीत की वेगळीच वाटतात.

घरी स्पीकरवर लावलं होतं, उन्हाळ्याचे दिवस, आई आणि मोठ्या काकू पापड लाटत बसलेल्या, आजी नुसती लक्ष ठेवायला. आजी सगळं अहिराणीतच बोलते. थोडा वेळ ऐकून म्हणाली, "हाई ते कानबाईनी रातसारखं वाटस." आणि तिचं बरोबर आहे हो. श्रावणात कानबाई, आमची खानदेशातली देवी, बसते त्या रात्री सगळी भाऊबंदकी एका घरात जमते, रोटाचे गहू, पुरणपोळी, गंगाफळाची भाजी, रात्रभर बायांची गाणी आणि फुगड्या, आणि गाणारीला कोणी कलाकार म्हणत नाही कारण ती घरचीच असते. बोआ सेकच्या रेकॉर्डिंगमध्ये तसंच आहे. पाय लाकडी फरशीवर आपटल्याचा आवाज येतो, मध्येच कोणी ओरडतं, गाणं संपतं तेही एकदम, कोणीतरी हाक मारल्यासारखं.

वाद्यांचं सांगतो. जिभाऊ आमचे भजनी मंडळात पेटी वाजवतात, त्यांना हेडफोन दिला तर पहिल्याच गाण्याला त्यांनी ओळखलं की इथे भात्याची गंमत आहे, आत दाबला की एक सूर आणि बाहेर ओढला की त्याच बटनावर दुसरा. बरोबरच आहे, ते एका रांगेचं दहा बटनांचं अकॉर्डियन असतं, त्यामुळे गाण्यात तो सारखा धक्का बसत राहतो आणि पाय आपोआप हलतो. सोबत लोखंडी त्रिकोण वाजतो, तो जुन्या काळी गवत गोळा करायच्या दाताळ्याचे दात वाकवून बनवायचे. नंतर क्रिओल लोकांचंच झायडेको नावाचं नाचाचं संगीत आलं, त्यात हे सगळं मोठं झालं. क्लिफ्टन शेनिये (१९२५ ते १९८७) यांनी मोठं पियानो-अकॉर्डियन घेतलं, त्यात ब्लूज हे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं संगीत मिसळलं, आणि कपडे धुवायच्या पन्हाळी पत्र्याचं गळ्यात अडकवायचं वाद्य करून घेतलं, त्यांचे भाऊ क्लीव्हलँड ते छातीवर घालून बाटली उघडायच्या ओपनरने खरडायचे. आरहूलीसाठी शेनियेंचं पहिलं रेकॉर्डिंग १९६४ मध्ये ह्यूस्टनला स्ट्राखविट्झनीच केलं.

साइट वापरायला सोपी आहे. गाण्याचा तुकडा ऐकून बघता येतो, घेतलं तर एमपी३ किंवा फ्लॅक (फाइल मोठी, पण आवाज पूर्ण) दोन्हीत मिळतं, हेडफोन चांगला असेल तर फ्लॅकच घ्या. आणि बऱ्याच अल्बमची माहितीपुस्तिका पीडीएफमध्ये फुकट उतरवता येते, काही विकत न घेता सुद्धा! इंग्रजीत आहे, मी वाचून घरच्यांना सांगतो. किंमत डॉलरमध्ये, कार्डवर परदेशी व्यवहार चालू करून घ्यावा लागतो, माझ्या बँकेने त्यासाठी नको तेवढे हेलपाटे घालायला लावले. आणि हेच संगीत मी आधी एका पैसेवाल्या ॲपवर ऐकत होतो, तिथे फिडल कोणाचं ते लिहिलेलं नाही, वर्ष चुकीचं आणि फोटो भलत्याच माणसाचा. ज्या माणसाने जाळीच्या तारा लावून वाद्य केलं त्याचं नाव सुद्धा द्यायचं नाही म्हणजे काय. त्या दिवशी मी ते ॲप बंद केलं.

आणखी एक गोष्ट मला लागली. १९२१ च्या लुईझियानाच्या घटनेने शाळा फक्त इंग्रजीत केल्या आणि फ्रेंच बोललं म्हणून पोरांना मार बसायचा. आमच्या वर्गात अहिराणीत उत्तर दिलं की "नीट बोल" म्हणायचे आणि पोरं हसायची, पुढे घरात पण आम्ही आजीला मराठीत उत्तर द्यायला लागलो. तिकडे शाळेतून भाषा गेली तरी गाण्यात राहिली, आणि ती टेपवर आहे, गाणाऱ्याच्या नावागावासकट. आपल्याकडे कानबाईची गाणी मोबाइलवर खूप फिरतात, पण कोणत्या गावची, कोणी म्हटली, काही नाही. यंदा आजीची आणि काकूंची गाणी घेताना मी प्रत्येकीला आधी नाव, माहेर आणि कोणाकडून शिकली ते बोलायला लावणार आहे, काकू आत्ताच लाजतायत.

नवीन असाल तर अमेदेपासून सुरू करू नका, जड जाईल. आधी बोआ सेक आणि कॅनरेंची एकत्र गाणी घ्या, त्यातले वॉल्ट्झ, म्हणजे तीन ठोक्यांच्या नाचाची गाणी, संथ आहेत, रात्री जेवण झाल्यावर लावा. गाडीत ऐकायचं असेल किंवा पोरांना नाचवायचं असेल तर शेनिये. अमेदे त्यानंतर, एकट्याने, आणि पुस्तिका आधी वाचून. माझ्याकडून पाचपैकी पाच.