एकच मात्रा, रोजची मात्रा की ठरावीक वेळापत्रक? मुंबईत नव्याने दवाखाना सुरू करणाऱ्या होमिओपॅथसाठी तुलनात्मक आढावा

बीएचएमएसची इंटर्नशिप संपवून उपनगरात स्वतःचा दवाखाना सुरू करणाऱ्या डॉक्टरांपुढे पहिल्या महिन्यातच एक प्रश्न उभा राहतो: निवडलेले औषध एकदाच देऊन थांबायचे, पाण्यात विरघळवून रोज द्यायचे, की कमी पोटेन्सीच्या (म्हणजे कमी वेळा विरळ केलेल्या) गोळ्या दिवसातून तीनदा ठरावीक काळ चालू ठेवायच्या? तिन्ही पद्धतींनी काम करणारे डॉक्टर मुंबईत आहेत आणि प्रत्येकाला आपल्या बाजूने ग्रंथाचा आधार दाखवता येतो. त्यामुळे नवा डॉक्टर बहुधा ज्या ज्येष्ठांकडे उमेदवारी केली त्यांचीच पद्धत उचलतो. ही निवड सवयीने न होता विचारपूर्वक व्हावी, एवढ्यासाठी हा आढावा आहे.

यात कोणती पद्धत अधिक गुणकारी आहे याची तुलना केलेली नाही आणि त्याचे कारण सुरुवातीलाच स्पष्ट सांगितले पाहिजे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन, होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा कोणत्याही आजाराबाबत आढळत नाही, असा निष्कर्ष काढला. शतमान क्रमात, म्हणजे प्रत्येक पायरीला शंभर पटींनी विरळ करत जाताना, बाराव्या पोटेन्सीच्या पुढे मूळ द्रव्याचा एकही रेणू शिल्लक असण्याची शक्यता नगण्य होते, हे गणितही आपण सर्वांनी फार्मसीच्या तासाला केलेले आहे. अशा स्थितीत रोजची मात्रा एका मात्रेपेक्षा सरस आहे, असे छातीठोकपणे सांगणे प्रामाणिक होणार नाही. मात्र दोन गोष्टींची तुलना नक्की करता येते: फॉलोअपला आलेल्या रुग्णाची अवस्था डॉक्टरला किती स्वच्छ वाचता येते आणि निर्णय चुकला असेल तर ते किती लवकर उघड होते. पुढील सर्व मजकूर या दोन कसोट्यांवर उभा आहे.

मतभेदाचे मूळ होमिओपॅथीचे जनक हानेमान यांच्याच लेखनात आहे. त्यांच्या ‘ऑर्गनॉन’ या मूळ ग्रंथाची पहिली आवृत्ती १८१० ची आणि पाचवी १८३३ ची. सहावी आवृत्ती त्यांनी १८४२ मध्ये पूर्ण केली. पण पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले, हस्तलिखित पत्नी मेलानी यांच्याकडे राहिले आणि ते छापून यायला १९२१ साल उजाडले. ज्यांच्या रेपर्टरीवर (लक्षणांवरून औषध शोधण्याच्या सूचीवर) आणि व्याख्यानांवर आपल्याकडच्या अनेक पिढ्या शिकल्या ते अमेरिकन होमिओपॅथ केंट १९१६ मध्येच वारले होते, म्हणजे सहावी आवृत्ती त्यांना पाहायलाच मिळाली नाही. एक मात्रा द्यावी आणि सुधारणा चालू असेपर्यंत हात आवरावा, ही केंट यांच्या परंपरेतली शिस्त जुन्या आवृत्त्यांवर बेतलेली आहे. तर सहाव्या आवृत्तीतील २४६ ते २४८ ही सूत्रे जुनाट आजारातही रोज किंवा दिवसाआड मात्रा देण्याची मुभा देतात, फक्त प्रत्येक वेळी बाटलीला ठोके देऊन पोटेन्सी किंचित बदललेली असावी, अशी अट घालतात. तेव्हा ‘हानेमान असे म्हणतात’ हा युक्तिवाद दोन्ही बाजूंना सारखाच उपलब्ध आहे आणि त्याने प्रश्न सुटत नाही.

एक मात्रा आणि प्रतीक्षा

या पद्धतीत साधारणपणे दोनशे किंवा वन एम (म्हणजे एक हजार) पोटेन्सीची एक पुडी दिली जाते आणि पुढच्या पुड्यांमध्ये नुसती दुधाची साखर, म्हणजे सॅक लॅक असते. नोंदींच्या दृष्टीने हिचा मोठा गुण असा की आपल्या बाजूने एकाच तारखेला एकच बदल झालेला असतो. महिन्याभराने रुग्ण आला की त्या तारखेच्या आधीचे आणि नंतरचे चित्र शेजारी शेजारी ठेवता येते. खर्च नगण्य असतो, औषधांचा साठा आटोपशीर राहतो आणि रुग्णाला पथ्याखेरीज काही सांभाळावे लागत नाही.

दोष मात्र याच गुणातून निघतात. प्रतीक्षा किती काळ करायची याला या पद्धतीत नैसर्गिक मर्यादा नाही. रुग्णाला बरे वाटले तर औषध काम करत आहे म्हणून थांबायचे; त्रास वाढला तर ती औषधामुळे आलेली तात्पुरती वाढ, म्हणजे अॅग्रव्हेशन आहे म्हणूनही थांबायचे; आणि काहीच घडले नाही तर औषधाला वेळ हवा म्हणून पुन्हा थांबायचे. तिन्ही शक्यतांना उत्तर एकच निघत असेल, तर फॉलोअपला काही अर्थ उरत नाही. याचे सर्वांत ठळक उदाहरण त्वचेच्या आजारांत दिसते. औषधाच्या दुकानातून स्वतःहून आणलेले स्टेरॉइडयुक्त मलम गजकर्णाला किंवा इसबाला महिनोन्‌महिने लावून रुग्ण येतो, आपण ते मलम बंद करायला सांगतो आणि आठवड्याभरात त्वचा लालभडक होऊन पेटते. मलम थांबवल्यामुळे हे होणे अपेक्षितच असते. पण त्याच आठवड्यात आपली मात्राही गेलेली असल्याने ‘आतला आजार बाहेर पडतो आहे’ असे हेरिंग यांच्या नियमाचे (बरे होताना आजार आतून बाहेरच्या दिशेने सरकतो, या सूत्राचे) नाव घेऊन रुग्णाला समजावले जाते. येथे नोंद स्वच्छ असूनही वाचन चुकते, कारण एका वेळी दोन बदल झालेले असतात आणि आपण त्यांतला आपल्या सोयीचा तेवढा निवडतो.

सॅक लॅकबद्दलही मत बनवावे लागते. रुग्णाला न सांगता औषध म्हणून साखर देणे पूर्वी सर्रास चालत असे. आता बाटलीवरचे नाव विचारणारे रुग्ण वाढले आहेत आणि माझ्या मते त्यांना ते विचारण्याचा अधिकार आहे. ‘या पुड्यांमध्ये औषध नाही, पहिल्या मात्रेनंतर काय होते ते आपण पाहत आहोत’ असे सांगण्याची ज्याची तयारी नसेल, त्याने ही पद्धत स्वीकारू नये.

पाण्यातील रोजची मात्रा

या पद्धतीत वापरल्या जाणाऱ्या एलएम पोटेन्सीची तयारी तिसऱ्या शतमान चूर्णापासून होते आणि पुढे प्रत्येक पायरीला द्रव्य सुमारे पन्नास हजार पटींनी विरळ होत जाते. बाटलीवर ०/१, ०/२ असे क्रमांक असतात. हे प्रमाण सौम्य आहे असे शिकवले जाते, पण हिशेब केला तर साधारण ०/४ लाच ती बाराव्या शतमानाची सीमा ओलांडलेली असते. एक गोळी पाण्यात विरघळवायची, त्यात टिकण्यापुरते अल्कोहोल घालायचे, रुग्णाने रोज बाटली तळहातावर आठ-दहा वेळा आपटायची आणि मग चमचाभर घ्यायचे, असा शिरस्ता आहे.

हिचा खरा फायदा औषधशास्त्रात नसून हाताळणीत आहे. काही वेगळे घडले तर रुग्ण दुसऱ्या दिवशीची मात्रा थांबवू शकतो आणि ‘आज घेऊ का?’ एवढे विचारण्यासाठी फोन करतो. त्या एका फोनमुळे बिघडणाऱ्या रुग्णाची बातमी महिन्याऐवजी चार दिवसांत कळते. शिवाय सहाव्या आवृत्तीनुसार या पद्धतीत अॅग्रव्हेशन उपचाराच्या शेवटी अपेक्षित असते, त्यामुळे पहिल्या आठवड्यातील बिघाडाला ते नाव देऊन गप्प बसता येत नाही. सिद्धांत खरा मानला काय किंवा न मानला काय, हा नियम डॉक्टरला लवकर जागे करतो.

नोंदींच्या बाजूने मात्र ही पद्धत गढूळ आहे. कोणी ठोके विसरतो, कोणी दोन दिवस मात्रा चुकवून तिसऱ्या दिवशी दुप्पट घेतो, तर कोणी संपूर्ण बाटली आठवड्यात संपवतो. कसाऱ्याहून किंवा विरारहून लोकलने येणाऱ्या रुग्णाच्या पिशवीत पाण्याची बाटली सांडते. मे महिन्याच्या उकाड्यात अल्कोहोल कमी पडले तर पाण्याला वास येतो आणि रुग्ण ते निमूटपणे घेत राहतो. या सर्वांचा विचार करून मी ही पद्धत त्याच रुग्णाला सुचवीन, जो स्वतःच्या वहीत रोज एक ओळ लिहील.

कमी पोटेन्सी, ठरावीक वेळापत्रक

दिवसातून तीनदा चार गोळ्या, पंधरा दिवस. रुग्णाला हे लगेच समजते आणि गर्दीच्या दवाखान्यात सोयीचेही पडते. पण येथे एक निराळाच प्रश्न येतो, कारण खालच्या पोटेन्सीत द्रव्य खरोखर असते. ३एक्सच्या (म्हणजे तीनदा दहापट विरळ केलेल्या) एक ग्रॅम चूर्णात मूळ द्रव्य एक मिलिग्रॅम असते. ते द्रव्य कॅल्शियमचे फॉस्फेट असेल तर चिंता नाही. पारा, आर्सेनिक किंवा शिसे असेल तर रोज तीनदा, महिनोन्‌महिने ही मात्रा लहान राहत नाही. दात येणाऱ्या बाळांसाठीच्या होमिओपॅथिक गोळ्यांमध्ये बेलाडोना या विषारी वनस्पतीचे प्रमाण एकसारखे नसल्याचे आणि काहींमध्ये ते लेबलवरील प्रमाणापेक्षा बरेच जास्त असल्याचे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये जाहीर केले होते. तेव्हा विषारी द्रव्यांच्या ६एक्सच्या खालच्या पोटेन्सी आणि मदर टिंक्चर (विरळ न केलेला मूळ अर्क) वेळापत्रकाने देऊ नयेत, लहान मुलांना तर मुळीच नाहीत. अनेक औषधे एकत्र केलेल्या तयार मिश्रणांबद्दल एवढेच म्हणता येईल की त्यांतले नेमके काय थांबवायचे आणि काय पुन्हा द्यायचे हा निर्णय घेताच येत नाही.

औषधनिवडीचा मात्रेशी संबंध

औषध कसे निवडले यावर ते किती काळ तपासून पाहायचे हे अवलंबून असावे, पण या दोन गोष्टी आपल्याकडे वेगवेगळ्या शिकवल्या जातात. केंट यांच्या क्रमवारीत मानसिक लक्षणे आधी, मग संपूर्ण शरीराची सर्वसाधारण लक्षणे आणि शेवटी एकेका अवयवाची. यासाठी तासभराची केस हवी आणि बोलणारा रुग्ण हवा. हानेमान यांचे समकालीन बोनिंगहाउसेन यांच्या पद्धतीत जागा, संवेदना, कमी-जास्त होण्याची कारणे आणि सोबतचे लक्षण या चार गोष्टी पुरतात. संध्याकाळी रांगेत उभा राहून आलेला, ‘कंबर धरली आहे’ एवढेच सांगणारा माथाडी कामगार दुसऱ्या पद्धतीत अधिक नीट बसतो. पहिल्या हालचालीला दुखते पण चालू लागल्यावर मोकळे वाटते, असे तो म्हणाला तर ऱ्हस टॉक्स. कोणतीही हालचाल नको वाटते आणि तहान मोठी आहे, असे म्हणाला तर ब्रायोनिया. इतक्या मोजक्या लक्षणांवर उभी असलेली निवड महिनाभर निरखत बसण्याच्या लायकीची नसते. चार-पाच दिवसांत फरक नसेल तर केस पुन्हा घ्यावी आणि पायात मुंग्या, बधिरपणा किंवा लघवीवरचा ताबा सुटणे यांपैकी काहीही असेल तर एकही दिवस न थांबता हाडांच्या डॉक्टरकडे पाठवावे. पोटेन्सी वाढवत नेणे हा निवड चुकल्याचे झाकण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे.

पावसाळ्यातला ताप

या प्रश्नात तिन्ही पद्धती सारख्याच अपुऱ्या आहेत आणि मुंबईत व्यवसाय करणाऱ्याला तो दरवर्षी भेटतो. डेंग्यूचा ताप साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान उतरतो आणि धोक्याचा काळ नेमका तेव्हाच सुरू होतो. रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपून रुग्ण कोसळू शकतो. दुसऱ्या दिवशी युपेटोरियम दिले आणि चौथ्या दिवशी ताप गेला, तर एका मात्रेचा पुरस्कर्ता ‘लागू पडले, आता थांबा’ असे म्हणेल आणि रोजच्या मात्रेचा पुरस्कर्ता ‘मात्रा कमी करा’ असे म्हणेल. दोघेही त्या घटकेला रुग्णालयात असायला हव्या असलेल्या माणसाला घरी ठेवतील. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा कमालीचा गळाठा ही लक्षणे ताप नसतानाही तातडीची आहेत. साचलेल्या पाण्यातून चालून आलेल्यांनी लेप्टोस्पायरोसिसविरुद्धचे प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत, डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावे, असे पालिका दर पावसाळ्यात सांगते. २००५ च्या महापुरानंतरची साथ पाहिलेल्यांना त्याचे कारण सांगावे लागत नाही. अशा रुग्णाला आधी पालिकेच्या दवाखान्याची वाट दाखवावी. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी आधी व्हावी, हेही याच जातीचे आहे.

कोणी काय निवडावे

ज्यांचा आजार जुना पण स्थिर आहे, नेहमीची औषधे चालू आहेत आणि जे महिन्यातून एकदाच येऊ शकतात, अशांसाठी एक मात्रा सोयीची आहे; मात्र मात्रा देण्यापूर्वीच केसपेपरवर तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: कोणते लक्षण किती बदलणे अपेक्षित आहे, किती तारखेपर्यंत आणि त्या तारखेला तसे न झाल्यास पुढे काय. डॉ. एम. एल. धवले यांच्या पुढाकाराने मुंबईत रुजलेल्या प्रमाणित केसनोंदीच्या परंपरेत या लिहिण्याला जागा आहे आणि नव्या डॉक्टरने पोटेन्सींचा संच घेण्याआधी तसा नोंदनमुना घ्यावा, असे मी सुचवीन. दमा किंवा रक्तदाबाची औषधे, इन्शुलिन, फिटच्या गोळ्या यांपैकी काहीही, मात्रेची पद्धत कोणतीही असो, आपण बंद करायचे नाही, हे त्याच कागदावर छापून घ्यावे.

आजार चढ-उताराचा असेल, रुग्ण किंवा घरचे कोणी बारकाईने लिहिणारे असेल आणि फोनवर उत्तर देण्याची डॉक्टरची तयारी असेल, तर पाण्यातील रोजची मात्रा बरी. संध्याकाळी साठ रुग्ण पाहणाऱ्या आणि सहायक नसलेल्या डॉक्टरने मात्र ती सुरू करू नये. विचारायला आलेला फोन उचलला गेला नाही तर या पद्धतीचा एकमेव फायदा संपतो. अशा दवाखान्यात सहाव्या किंवा तिसाव्या शतमानाच्या गोळ्या, पाच दिवसांच्या वर नाही, आणि सहाव्या दिवशी येणे बंधनकारक, हीच रचना अधिक सुरक्षित आहे. त्या सहाव्या दिवसाचे तपासणी शुल्क घेऊ नये, म्हणजे रुग्ण येतो.